वायरीला दुपट्टा

दिग्रसला मे महिन्यात दुपारी बारा ते चारच्या दरम्यान रस्त्यावर दिसणारा माणूस एकतर वसुलीला निघालेला असतो, नाहीतर वसुलीपासून पळालेला असतो. बँकेत कारकून असल्यामुळे दोन्ही प्रकारच्या मंडळींशी माझा जवळचा परिचय आहे. दोघांत साम्य एकच. दोघांच्याही कानांभोवती दुपट्टा घट्ट बांधलेला असतो. जरा जुन्या वळणाचा माणूस असेल तर खिशात कांदाही सापडतो. आमच्याकडे पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसच्या घरात गेला की माणूस आधी कान झाकतो आणि मग अब्रूचा विचार करतो.

इतकंच नाही. आम्ही माठाला ओलं फडकं गुंडाळतो. खिडकीला वाळ्याच्या ताट्या लावतो. स्कूटरच्या सीटवर पोतं टाकतो. लिंबाच्या सावलीसाठी दोन दुकानदारांची मारामारी झालेली मी पाहिली आहे. असा हा उन्हाला ओळखून असलेला प्रदेश. आणि त्याच प्रदेशात गाडीच्या बॉनेटखाली, लालबुंद होणाऱ्या नळीला चिकटून, प्लास्टिकची वायर उघडीनागडी बसवायला कोणाचाही हात कचरत नाही. तिच्या कानाला दुपट्टा नाही, खिशात कांदा नाही. माझी तक्रार या वायरीच्या वतीने आहे.

आता तुम्ही विचाराल की बी.कॉम. झालेल्या माणसाचा आणि वायरिंगचा काय संबंध? संबंध नाही, हे कबूल. पण नावे आणि जमा यांचा मेळ लागलाच पाहिजे, एवढं मला बावीस वर्षांच्या नोकरीने शिकवलं आहे. एका खात्यातून गेलेला पैसा दुसऱ्या कोणत्या तरी खात्यात निघतोच. उष्णतेचंही तेच आहे. ती नाहीशी होत नाही. इंजिनातून निघाली की कोणाच्या तरी नावे पडते. माझ्या बाबतीत ती वायरीच्या नावे पडली आणि वसुली मात्र माझ्याकडून झाली.

माझी गाडी म्हणजे २०१० साली स्टाफ लोनवर घेतलेली मारुती ८००. सदतीस घोड्यांची. या घोड्यांनी आजवर कधी टाप उधळली नाही. आईच्या गुडघ्यांना जपत, सौ.च्या सूचना ऐकत, ते खाली मान घालून चालत आले. पुढे जानेवारी २०१४ मध्ये कंपनीने ही गाडी काढणंच बंद केलं, तेव्हापासून तर मी तिला घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखी वागवतो. सकाळी विचारपूस करतो आणि शक्यतो कुठे पाठवत नाही.

अशा गाडीवर माझ्या भाच्याचा डोळा गेला. भाचा अमरावतीला शिकतो. काय शिकतो ते त्याच्या आईलाही नीट सांगता येत नाही. दिवाळीनंतर महिनाभर तो गाडी घेऊन गेला. परत आला तो सगळ्या गल्लीला कळवत आला. घंटीबाबांच्या या गावाला आवाजाचं वावडं नाही, पण हा आवाज घंटीतला नव्हता. रिकाम्या पिंपात म्हैस अडकल्यावर ती ज्या सुरात दाद मागेल, तो होता.

“मामाजी, हेडर बसवलं,” तो म्हणाला. “आता पाहा गाडीचा पिकअप.”

हेडर म्हणजे काय ते त्याने मला ओसरीवर बसून समजावून दिलं. मूळ गाडीत तिन्ही सिलिंडरांचा धूर एका बिडाच्या जाडजूड मॅनिफोल्डमध्ये एकत्र येतो. म्हणजे तीन भाऊ, एक घर, एक न्हाणीघर. सकाळी गर्दी होते, एकमेकांचा खोळंबा होतो. हेडरमध्ये प्रत्येक भावाला स्वतंत्र लांब नळी मिळते आणि तिघांची भेट बऱ्याच पुढे, गावाबाहेर होते. धूर मोकळेपणी जातो, इंजिन मोकळं होतं. विचार वाईट नाही. वाटणीनंतर काही घरं खरोखरच सुधारतात.

पण वाटणीत एक गोष्ट कोणी सांगत नाही. बिडाचं मॅनिफोल्ड जाड असतं, आटोपशीर असतं आणि त्याच्या अंगावर कंपनीने एक वाकवलेला, भोकं पाडलेला पत्रा घातलेला असतो. हेडरच्या नळ्या पातळ. लांबी जास्त, म्हणून बाहेरचा पृष्ठभागही जास्त. धुराबरोबर जाणाऱ्या उष्णतेतला मोठा वाटा या पातळ भिंतींतून सरळ बॉनेटखाली उतरतो. आणि जुना पत्रा नव्या नळ्यांवर बसत नाही, म्हणून तो काढून टाकतात. भाच्याने तो वर्तमानपत्रात गुंडाळून आणला होता. “एक्स्ट्रा आहे,” म्हणाला. मीही तो ओसरीच्या कोपऱ्यात ठेवून दिला. कंपनीने गाडीत फुकट काही दिलेलं नसतं, एवढं तरी व्यवहाराच्या पदवीधराला कळायला हवं होतं.

मारुतीत हे सगळं प्रकरण इंजिनाच्या पुढच्या अंगाला, रेडिएटरसमोर येतं. तिथेच रेडिएटरच्या पंख्याची वायर आहे. तिथेच धूर हुंगून इंजिनाला वर्दी देणारा ऑक्सिजन सेन्सर आहे आणि त्याची वायर तर बिचारी जन्मतःच आगीच्या दारात उभी. गाडी ओढत असते तेव्हा त्या नळ्यांचं तापमान काही शे अंशांवर जातं. साध्या वायरीवरचं पीव्हीसीचं आवरण साधारण ८० ते १०५ अंशांपर्यंतच्या संसारासाठी बनवलेलं असतं. ही दोन स्थळं शेजारी बसवताना पत्रिका कोणीच पाहिली नाही.

पहिली खूण जानेवारीतच दिसली. मीटरमध्ये एक पिवळा दिवा लागला तो लागलाच. पेट्रोल जास्त पिऊ लागली. भाचा फोनवर म्हणाला, “सेन्सर येडा झाला असेल, मामाजी, दिव्यावर टेप मारा.” मी टेप मारली. कबूल करतो. शिल्लक जुळत नसेल तर खातेवहीवर पेपरवेट ठेवायचा, तसलाच हा प्रकार.

मार्चमध्ये पंखा बंद पडला. फ्यूज उडाला होता. आमच्या नाक्यावरच्या एका मिस्त्रीने तो पाहिला, दुसरा घातला, तोही उडाला. तेव्हा त्याने एका जुन्या वायरीतल्या तांब्याच्या तारा पिळून फ्यूजच्या जागी बसवल्या. पंखा फिरू लागला. “आता कधीच नाही उडणार जी,” तो अभिमानाने म्हणाला. त्याचं म्हणणं शब्दशः खरं होतं, हीच त्यातली भीती.

फ्यूज हा बँकेतल्या त्या खडूस अधिकाऱ्यासारखा असतो, जो सही करत नाही. त्याला सगळे शिव्या देतात. चहाला बोलवत नाहीत. पण कागदात घोळ असला की तो अडून बसतो आणि शाखा वाचते. त्याच्या जागी न बघता सही ठोकणारा गोड स्वभावाचा माणूस आणून बसवला, की काम पटापट होतं आणि वर्षभरात चौकशी लागते. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत होता म्हणजे आत कुठेतरी आवरण वितळून तांबं लोखंडाला टेकत होतं. मिस्त्रीने रोग पाहिला नाही, ओरडणाऱ्याचं तोंड बांधलं. आणि मी त्याला पन्नास रुपये दिले.

चौकशी लागायला वर्ष लागलं नाही. मे महिन्यात दारव्ह्याला नात्यातल्या मुलीचं साक्षगंध होतं. ऊन उतरल्यावर पाचच्या सुमारास आम्ही निघालो. पुढे मी आणि सौ., मागे आई आणि फळांची टोपली. अर्ध्या वाटेत आईला तहान लागली म्हणून एका शेताजवळ गाडी थांबवली, दहा मिनिटं बसलो आणि पुन्हा चावी फिरवली.

इथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण मला ती फार महाग पडली. गाडी पळत असते तेव्हा वायरींना त्यातल्या त्यात बरे दिवस असतात. समोरून वारा येतो. खरा उकाडा गाडी थांबल्यावर. वारा बंद, पाण्याचं फिरणं बंद, आणि तापलेल्या नळ्या साठवलेलं सगळं आजूबाजूला वाटत सुटतात. आमच्याकडच्या स्लॅबच्या घरात राहिलेल्या माणसाला हे सांगायला नको. दिवसा तापलेली स्लॅब रात्री आठनंतर जी आग ओकते, ती दुपारी दोनलाही नसते. बॉनेटखाली तेच होतं. मऊ झालेल्या वायरीचं उरलंसुरलं आवरण त्या दहा मिनिटांत नळीवर बसलं.

चावी फिरवून शंभर पावलंही गेलो नसू. आधी वास आला. आई म्हणाली, “कोणाची तरी भाजी लागली रे.” मग बॉनेटच्या फटीतून पांढरा धूर, आणि त्याच्या मागून काळा.

आईला गाडीतून उतरायला एरवी पाच मिनिटं लागतात. आधी काठी बाहेर, मग एक पाय, मग देवाचं नाव, मग दुसरा पाय. त्या दिवशी मी आणि सौ.ने तिला दोन्ही बाजूंनी धरून अक्षरशः ओढून काढलं. तिची एक चप्पल आत राहिली. शेजारच्या शेतातला एक माणूस धावत आला. त्याने पाणी मागितलं नाही, मला काही विचारलं नाही. माझ्या खांद्यावरचा दुपट्टा हिसकावून हाताला गुंडाळला, बॅटरीचं टोक खेचून काढलं आणि बांधावरची माती ओंजळीने वायरींवर टाकली. धूर बसला. पेट्रोलची नळी तिथून फार लांब नव्हती, हे मला नंतर दाखवण्यात आलं. दाखवलं नसतं तर बरं झालं असतं. आई बांधावर एका चपलेनिशी बसून होती आणि तिचे हात थरथरत होते. मी आजवर तिला धूर पाहून घाबरलेली पाहिलं नव्हतं. चुलीवर जन्म काढलेली बाई ती.

दारव्ह्याच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने गाडी ओढून नेली. त्याने बॉनेट उघडलं, बराच वेळ पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, “पत्रा कुठी गेला जी याचा?”

हा प्रश्न हेडर बसवणाऱ्या दुकानदाराने विचारायला हवा होता. तिथून माझं भांडण सुरू होतं.

हेडरचे साडेसात हजार आणि बसवणावळीचे बाराशे, असं बिल भाच्याने मला पुढे काढून दाखवलं. त्यात वायरीचा एका ओळीनेही उल्लेख नाही. आठ हजार सातशे रुपये घेऊन गाडीत शेगडी बसवायची, आणि शेगडीजवळची वायर दोन बोटं बाजूला सरकवायची नाही! दोन बोटं म्हटलं ते मुद्दाम. उष्णतेपासून बचावाचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे अंतर, आणि त्याला जवळपास पैसेच पडत नाहीत. वायर नळीपासून दूर घ्यायची आणि दूरच राहील अशी पत्र्याच्या क्लिपेने बॉडीला धरायची. प्लास्टिकच्या पट्टीने नव्हे, कारण ती पट्टीही वितळते आणि वायर पुन्हा माहेरी परतते. जिथे दूर नेताच येत नाही, तिथे काचेच्या धाग्याची, वरून सिलिकॉन चढवलेली नळी मिळते. ती दोनशे अंशांच्या वर सहज टिकते. वायर तिच्यात ओवायची. नळी आणि वायर यांच्यामध्ये चकचकीत ॲल्युमिनियमचा पत्रा उभा करायचा, पण दोहोंना न टेकवता, मधे हवा खेळती ठेवून. हा सगळा खर्च म्हाताऱ्या मिस्त्रीने मला जो सांगितला, त्यात त्या साक्षगंधाच्या आहेराचं पाकीटसुद्धा भरलं नसतं.

मी ही गोष्ट चारचौघांत सांगू लागलो तेव्हा विरोधक निघाले. दिग्रसला कोणत्याही विषयाला विरोधक निघतात.

पहिला म्हणाला, “आम्ही इतकी वर्षं हेडर बसवतो, कोणाची गाडी पेटली नाही.” याला बँकेत एक उत्तर आहे. ज्याचं खातं बुडतं तो पुन्हा शाखेत येत नाही. म्हणून शाखेत येणारे सगळे नियमित हप्तेवाले वाटतात.

दुसरा जरा अभ्यासू होता. त्याचं म्हणणं, वायरी कशाला झाकता, नळ्यांनाच उष्णतारोधक पट्टी गुंडाळा, मूळ रोगच झाकला जाईल. यात तथ्य आहे, नाही असं नाही. पट्टीने बॉनेटखालचा उकाडा कमी होतो. पण ती पट्टी पावसाचं पाणी धरून ठेवते आणि स्वस्त हेडरची साध्या पोलादाची नळी आतल्या आत गंजते. हात मोडला म्हणून प्लास्टर घालावं आणि प्लास्टर काढताना हातच निघून यावा, तशी गत. शिवाय पट्टी गुंडाळली तरी नळीला टेकलेली वायर नळीला टेकलेलीच राहते. काही जुने लोक ॲस्बेस्टॉसची दोरी सुचवतात. ती वायर वाचवील, पण तिचा धागा फुप्फुसात जातो. वायरीपेक्षा फुप्फुसाचा सुटा भाग मिळायला जास्त कठीण.

तिसरा विरोधक म्हणजे काळी टेप. हा माणूस नसला तरी त्याला आपल्याकडे मताधिकार आहे. फाटलेली वायर, तुटलेला चष्मा, गळणारा पाईप, मीटरमधला पिवळा दिवा, सगळ्यांवर काळी टेप. उष्णता लागली की तिचा डिंक पातळ होऊन ओघळतो, टेप सुटते, आणि झाकलेलं उघडं पडतं. तरी आपला तिच्यावरचा विश्वास सुटत नाही.

कायद्याकडे वळावं म्हटलं, तर तिथे निराळीच गंमत. मोटार वाहन कायदा, १९८८. त्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने ठरवून दिलेल्या रचनेत मनाला येईल तसा फेरफार करायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला अशा दर फेरफाराला पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाज आणि धुराचे नियम मोडले तर कलम १९० खाली दंड दहा हजारांपर्यंत. पुण्या-नागपुरात पोलीस बुलेटचे कर्कश सायलेन्सर जप्त करून रस्त्यावर ओळीने मांडतात आणि वरून रोडरोलर फिरवतात. मला ते दृश्य मनापासून आवडतं. पण पाहा, पकडला जातो तो आवाज. आवाज शेजाऱ्याला ऐकू जातो, म्हणून त्याला फिर्यादी मिळतो. उष्णता गप्प असते. तिचा साक्षीदार एकच, वायर, आणि ती साक्ष द्यायच्या वेळी जळून गेलेली असते. विमा कंपनीला मात्र सगळं बरोबर दिसतं. न कळवता केलेला फेरफार आढळला की दाव्याच्या कागदावर काय शेरा पडतो, हे मी कर्जखात्यात पुष्कळदा वाचलं आहे. आणि कर्ज चालू असेल तर गाडी बँकेकडे तारण, म्हणजे तुमचा भाचा जो पत्रा “एक्स्ट्रा” म्हणून काढतो, तो माझ्या बँकेचा असतो!

बरं, गरम वस्तू झाकावी हे काही आजचं ज्ञान नाही. दारव्ह्यावरून जाणारी यवतमाळ-मूर्तिजापूरची आमची शकुंतला १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावत होती. ते इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं. बॉयलरला अंगरखा घालायचा असतो हे त्या काळच्या लोहाराला ठाऊक होतं. त्या बॉयलरशेजारी वायरी नव्हत्याच, तरी घातला. आणि आपण शंभर वर्षांनी बॉयलरचा अंगरखा उतरवून त्याला वायरी बिलगवतो आणि त्याला पिकअप म्हणतो. (पिकअपचं विचाराल तर हेडर बसवल्यावर गाडी दारव्ह्याला किती लवकर पोचली, ते वर आलंच आहे.)

माझी मागणी मोठी नाही. हेडर बसवू नका असं मी म्हणत नाही. ते कलम ५२ म्हणेल. पण जो माणूस पैसे घेऊन पत्रा काढतो, त्याने वायरी हलवून, झाकून, बांधून दिल्याशिवाय चावी गिऱ्हाइकाच्या हातात देता कामा नये. गाडी तापवून, बंद करून, अर्धा तास थांबून पुन्हा बॉनेट उघडावं आणि हाताने चाचपावं, की वायर अजून वायर आहे की शेवई झाली आहे. एवढं करायचं नसेल तर त्याने दुकानावर हेडरऐवजी शेगड्या विकाव्यात. “काही नाही होत जी” हे वाक्य ज्याच्या तोंडून येईल, त्याला त्याच्या आईसकट त्या गाडीच्या मागच्या सीटवर बसवून मे महिन्यात दारव्ह्याला न्यावं.

मी स्वतः हेडर काढायचं ठरवलं. बिडाचं जुनं मॅनिफोल्ड नशिबाने डिकीत होतं. म्हातारा मिस्त्री म्हणाला, नवीन वायरी टाकतो, खरा फ्यूज घालतो, पण पत्रा आणा.

घरी येऊन ओसरी पालथी घातली. कोपऱ्यात वर्तमानपत्र होतं, पत्रा नव्हता. भंगारवाल्याला दिला का म्हणून सौ.ला विचारायला स्वयंपाकघरात गेलो. ती पोळ्या करत होती. गॅसच्या मागे भिंतीला लागून मिक्सरची वायर जाते. ती वायर आणि बर्नर यांच्या मधोमध, खाली विटेच्या तुकड्याचा टेकू देऊन, माझ्या मारुतीचा पत्रा उभा होता. दिवाळीनंतरच ठेवला, ती म्हणाली. वायर गरम लागत होती.

मी तो परत मागितला. तिने तव्यावरची पोळी उलटली आणि म्हणाली, “तुमच्या गाडीला दुसरा आणा.”

येत्या रविवारी यवतमाळच्या भंगारबाजारात जाऊन पाहणार आहे. बसने.